मुलासाठी ॲप विचारलंत, त्यावर थोडं लांबलेलं उत्तर

ताई, तुमचा मुलगा बावीस वर्षांचा. सायकोसिसचा (नसलेले आवाज ऐकू येणं, भलतंच खरं वाटणं) पहिला एपिसोड येऊन वर्ष झालं, गोळ्यांनी आवाज थांबले, पण दिवसभर लोळतो आणि वाचलेलं पान लक्षात राहत नाही. तर एखादं ॲप सुचवा, असं तुम्ही विचारलंय. सात वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ हुबेहूब असाच होता. घरात सगळे त्याला आळशी म्हणायचे. मीही म्हटलंय.

आधी डॉक्टरांना विचारा, ही सुस्ती गोळीची आहे की डिप्रेशनची? डोस बदलून सुटणारी गोष्ट ॲपने सुटत नाही. (गोळी मात्र आपल्या मनाने कमी करायची नाही.)

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 'प्राइम' नावाचं ॲप नेमकं अशाच मुलांसाठी केलं होतं. छोटं काम मुलानेच निवडायचं, मेसेजवर एक कोच, शिवाय त्याच आजारातली इतर मुलं. 2018 साली छापून आलेल्या चाचणीत 43 जण होते, 12 आठवडे. 'मला जमणारच नाही' हा ग्रह आणि उदासी कमी झाली. माणसं थोडी होती, पण त्यामागचा विचार मला पटला: या मुलांना मजा येते, बिघडतं ते 'मजा येईल' असं आधी वाटणं.

मग आम्ही ॲपशिवायच केलं. मामेभावाने रोज व्हॉट्सॲपवर विचारायचं, "टपरीवर चहाला येतोस? दहापैकी किती मजा येईल?" धाकटा 2 टाकायचा. परत आल्यावर 5, कधी 6. तीन आठवड्यांनी जुने मेसेज वर सरकवत तो स्वतःच म्हणाला, "माझा आधीचा आकडा रोज खोटाच असतो की!"

स्मरणशक्तीचं म्हणाल, तर त्याच विद्यापीठाच्या एका अभ्यासात नुकत्याच आजारी पडलेल्या मुलांनी घरी लॅपटॉपवर 40 तास ऐकण्याचे सराव केले, त्याने फरक पडला. पण 40 तास! मोबाइलवरचे फुकट कोडी-खेळ म्हणजे तो सराव नव्हे. धाकटा खेळात पटाईत झाला आणि दूध आणायचं विसरतच राहिला. कामाला आला तो साधा अलार्म, तोही 'आंघोळ' असा नाही, 'टॉवेल घे' असा. पहिली हालचाल काय, तेवढंच लिहायचं.

मेलबर्नच्या 'होरायझन्स'ची, म्हणजे अशाच तरुणांसाठीच्या ऑनलाइन कार्यक्रमाची, चाचणी मोठी होती, 170 तरुण, 18 महिने. लोकांत मिसळण्या-वावरण्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही, पण नोकरीला किंवा शिक्षणाला लागण्याचं प्रमाण वाढलं. तिथेही स्क्रीनपलीकडे थेरपिस्ट आणि आजारातून गेलेले सोबती होतेच.

पलीकडचं माणूस आई नको, राग मानू नका. मी विचारलं की धाकट्याला ती तपासणी वाटायची. तुमच्या नात्यात त्याच्या वयाचं, रोज एक मेसेज न कंटाळता करेल असं कोणी आहे का? ते कळवा, मग पहिल्या आठवड्याच्या कामांचं बघू.