खानापूरच्या तांबड्या जमिनीत बिन्स पिवळ्या पडतात, सामू ५.२ आहे: चुना किती टाकायचा?

तुमचं म्हणणं असं: खानापूर तालुक्यात दहा गुंठे तांबडी जमीन, पावसाळ्यात भात, मग विहिरीच्या पाण्यावर बिन्स (फरसबी). रोपं वीतभर होऊन अडतात, पानं पिवळी. युरिया दिला की आठवडाभर हिरवी दिसतात, नंतर परत तेच. माती परीक्षणाच्या अहवालात सामू म्हणजे पीएच ५.२ (सातच्या जितका खाली, तितकी जमीन आंबट). दुकानदार एकरी टनभर चुना सांगतो, शेजारी जिप्सम सांगतो.

जिप्समचा विषय आधी संपवू. त्यातून कॅल्शियम आणि गंधक मिळतं, पण मातीचा सामू त्यानं वाढत नाही. जिप्सम लागतं ते अथणी-रायबागकडच्या कृष्णाकाठच्या चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या जमिनीला. आपल्या बेळगाव जिल्ह्याची गंमतच अशी की पश्चिमेला पावसानं धुऊन काढलेली जांभ्याची आंबट माती आणि पूर्वेला चुनखडीचे खडे सापडणारी काळी, सामू आठच्या पुढं. तिकडच्या पाहुण्याचा सल्ला कणकुंबी-जांबोटीच्या शेतात उपयोगाचा नाही, आणि इथला चुना तिकडं नेऊन टाकला तर पीक आणखी पिवळं पडेल.

चुना तुम्हाला हवाच, पण टनाचा आकडा मोजमापाशिवाय मान्य करू नका. सामू फक्त आम्लता किती तीव्र आहे ते सांगतो, मातीत तिचा साठा किती आहे ते सांगत नाही. रेताड जमीन आणि चिकण जमीन दोन्हींचा सामू ५.२ येऊ शकतो, पण तो सारखाच वाढवायला चिकणीला दुप्पट-तिप्पट चुना लागतो. साठा मोजायला वेगळी बफर चाचणी असते. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात नमुना देताना चुन्याची गरज काढून मिळेल का ते विचारा, नाहीतर कृषी विज्ञान केंद्राकडं किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा.

भाताच्या शेतात नमुना कधी घेतला यालाही महत्त्व आहे. पाणी तुंबलेलं असताना आंबट मातीचा सामू आपोआप वर सरकतो आणि शेत वाळलं की परत खाली येतो. ऑगस्टमध्ये चिखलातून घेतलेल्या नमुन्यावर बिन्सचा हिशेब बसत नाही. कापणीनंतर, जमीन वाळल्यावर, १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती सात-आठ ठिकाणांहून घ्या आणि बुट्टीत एकत्र करून त्यातली अर्धा किलो द्या.

आता पानं पिवळी का पडतात ते. सामू ५.५ च्या खाली गेला की मातीतलं अॅल्युमिनियम विरघळून मुळाच्या टोकाला लागतं. टोकाची वाढ थांबते, मूळ आखूड, जाड, तपकिरी होतं आणि बारीक तंतू फुटत नाहीत. वर पाणी-खत असूनही रोप ते उचलू शकत नाही. स्फुरद लोह-अॅल्युमिनियमला चिकटून अडकतं. गाठी बांधणारे रायझोबियम जिवाणू आंबट मातीत कमी टिकतात, आणि नत्र पकडायला त्यांना लागणारं मॉलिब्डेनम या सामूला मिळेनासं होतं. म्हणून युरियानं तात्पुरता हिरवेपणा येतो. नत्राची उणीव खरी आहे, पण तिचं मूळ मुळातच आहे.

खात्री करायची तर पाच-सहा रोपं फावड्यानं मातीसकट काढून पाण्यात धुवा. वर सांगितल्यासारखी मुळं दिसली आणि गाठी नसल्या, किंवा फोडल्यावर आतून गुलाबीऐवजी पांढऱ्या-हिरवट निघाल्या, तर कारण आम्लताच धरा. मूळ जमिनीलगत लालसर-काळं होऊन कुजलेलं असेल, तर तो मूळकुज रोग. त्याला चुना औषध नाही, निचरा आधी बघा. भाताच्या चिखलणीनं खाली जो कडक थर बसतो तो नांगरानं फोडला नाही तर बिन्सचं मूळ तिथंच आडवं होतं, मग वर चुना कितीही घाला.

लक्ष्य सात नाही. बिन्सना ६ ते ६.८ आवडतो हे खरं, पण अॅल्युमिनियमचा त्रास साधारण ५.५ ओलांडला की बराचसा मिटतो. पहिल्या फेरीत ५.७-५.८ गाठलं तरी पीक उभं राहतं. त्यासाठी हलक्या ते मध्यम तांबड्या जमिनीला गुंठ्याला साधारण १५ किलो शुद्ध चुनखडी, म्हणजे तुमच्या दहा गुंठ्यांना १५० किलो. एकरी टन म्हणजे गुंठ्याला २५ किलो. चिकण जमिनीत ते चालेल, रेताड जमिनीत जास्त होईल. चाचणीचा आकडा हातात आला की माझा अंदाज बाजूला ठेवा.

पण हे १५० किलो या हंगामात टाकू नका. चुनखडी ओलीतच काम करते आणि तिला वेळ लागतो. सगळ्यात चांगली वेळ एप्रिल-मे, वळीव पडण्याआधी. निम्मी नांगरटीआधी पसरा, निम्मी नांगरल्यावर, आणि कुळवानं १५ सेंटिमीटरपर्यंत मिसळा. चुना मातीत खाली झिरपत नाही, जिथं मिसळाल तिथंच राहतो. वर शिंपडून पाणी सोडणाऱ्यांना फरक दिसत नाही तो याच कारणानं.

या रब्बीला सरीतला चुना पुरे. भात कापल्याबरोबर, ओल असतानाच ४५ सेंटिमीटरवर सऱ्या काढा आणि दहा गुंठ्यांत ४० ते ५० किलो बारीक चुनखडी सरीत टाकून मातीत मिसळा. मीटरभर सरीला वीसेक ग्रॅम, अर्धी मूठ समजा. पेरणी तीन आठवड्यांनी. मूळ ज्या पट्ट्यात वाढतं तेवढीच माती सुधारते, त्यामुळं हा डोस दर हंगामाला द्यावा लागतो, पण खर्च झेपतो. मधल्या दोन सऱ्या मुद्दाम चुन्याशिवाय ठेवा. त्या बघितल्याशिवाय चुन्यानं काय केलं ते कळणार नाही.

माल बघून घ्या. चुनखडीची पावडर मैद्यासारखी बारीक हवी, वाळूसारखी जाड असेल तर वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. बागलकोट-लोकापूर पट्ट्यात चुनखडी आणि डोलोमाइट दोन्हीचे दगड आहेत. डोलोमाइट मिळालं तर आपल्याकडं तेच घ्यावं असं माझं मत, कारण धुतलेल्या मातीत मॅग्नेशियमही कमी असतं. शंका असेल तर चमचाभर पावडरीवर लिंबू पिळा. चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट सावकाश, जिप्सम अजिबात नाही. १०० किलो शुद्ध चुनखडीचं काम ९२ किलो डोलोमाइट, ७४ किलो विरलेला (पाणी मारलेला) चुना किंवा ५६ किलो कळीचा (भट्टीतला, पाणी न मारलेला) चुना करतो. कळीचा चुना शेतात नकोच. ओलीत तापतो, बी-मूळ भाजतो, डोळ्यात गेला तर इजा करतो. पावडर टाकतानाही वारा पाठीमागून घ्या आणि तोंडाला कापड बांधा.

राखेबद्दल लोक विचारतात. चुलीतली लाकडाची राख चालते, चुनखडीच्या दुप्पट-तिप्पट लागते आणि वर पालाशही देते, फक्त पावसात भिजलेली नको. राइस मिलवरची तुसाची राख मात्र जवळजवळ सगळी सिलिका, आम्लतेला ती काही करत नाही. साखर कारखान्याच्या प्रेसमडचं, म्हणजे रस गाळून उरणाऱ्या मळीचं तसंच: कार्बोनेशन पद्धतीच्या (रस चुना आणि कार्बन डायऑक्साइडनं साफ करणाऱ्या) कारखान्याचा असेल तर त्यात चुना भरपूर, सल्फिटेशनचा (गंधकाच्या धुरानं साफ करणाऱ्या) असेल तर ते फक्त सेंद्रिय खत. कारखान्यात विचारूनच ट्रॉली भरा.

चुना आणि खत एकत्र टाकू नका. युरिया, डीएपी किंवा ताज्या शेणखताबरोबर पडला तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं, आणि सुपर फॉस्फेटबरोबर पडला तर स्फुरद अडकतं. तीन आठवड्यांचं अंतर त्यासाठीही आहे. पेरणीला दहा गुंठ्यांना सिंगल सुपर फॉस्फेट ६० किलो, पोटॅश १२ किलो आणि युरिया ७ किलो. उरलेला ७ किलो युरिया तीन-चार आठवड्यांनी भर लावताना. बिन्स इतर कडधान्यांइतक्या गाठी बांधत नाहीत, म्हणून नत्र पूर्ण बंद करता येत नाही.

बियाणं ५ ते ६ किलो लागेल. अर्का कोमल ही जात चालते. तांबेरा येत असेल तर अर्का अनूप बघा. रायझोबियम बिन्सचंच मागा, सोयाबीन किंवा भुईमुगाचं पाकीट इथं कामाचं नाही. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला लावा, वरून बारीक चुनखडी चोळा आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. इथंही विरलेला किंवा कळीचा चुना वापरला तर जिवाणू मरतात.

चुना जास्त झाल्याची खूण म्हणजे कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून फिकी पडतात: लोह, जस्त, मँगनीज अडकलं. ते दुरुस्त करणं आम्लता घालवण्यापेक्षा कठीण. आणि त्याच शेतात पुढं बटाटा लावणार असाल तर सामू चढवताना आणखी हात आखडा. ५.५ च्या वर गेलं की बटाट्यावर खरूज वाढते आणि बाजारात दर पडतो.

आम्लता परत येणारच, पाऊस आणि खतं दोन्ही आणतात. १०० किलो युरियानं होणारी आम्लता मारायला सुमारे ८० किलो चुनखडी लागते, १०० किलो अमोनियम सल्फेटला ११० किलो. भाताला अमोनियम सल्फेट देत असाल तर ते आधी बंद करा. मे महिन्याचा डोस दिल्यावर दोन वर्षांनी, भात कापून जमीन वाळल्यावर, त्याच जागांवरून पुन्हा नमुना घ्या आणि ५.५ च्या वर असेल तर त्या वर्षी चुना विकत घेऊ नका.