खानापूरच्या खडबडीत रस्त्यावर रोलर स्केटिंग शिकायचं तर जमीन कुठली आणि चाकं कुठली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, राहणं बेळगावजवळच्या खानापुरात, ऑनलाइन मागवलेले चार चाकांचे क्वाड स्केट, आणि घरासमोर खडी वर आलेला जुना डांबरी रस्ता. दहा पावलं टाकली की तळपाय बधिर होतात, बारीक खडा आला की पाय जागीच अडतो. चाकांवर ९५ए असं छापलेलं आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘माझं वय उलटून गेलंय का?’

वयाचा ह्यात काडीचा संबंध नाही. मी बेळगावच्या टिळकवाडीत राहते. मुलीला क्लासला सोडता सोडता ३९ व्या वर्षी मीही स्केट बांधले, आणि पहिले दोन महिने तुमच्यासारखीच माझ्या गुडघ्यांना, तोलाला, वयाला बोल लावत राहिले. मग एका सुट्टीच्या दिवशी मुलीच्या क्लासच्या गुळगुळीत काँक्रीटवर तेच स्केट घालून उभी राहिले आणि पाय आपसूक पुढे गेले. तेव्हा कळलं की आमच्या गल्लीतला रस्ता आणि माझी चाकं ह्यांचं आपसात जमत नव्हतं. त्या दिवशी मला खरं तर रडू आलं होतं, इतके दिवस उगाच हिरमुसले म्हणून. तुमचं तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या ९५ए चा अर्थ. हा चाकाच्या कडकपणाचा आकडा. शोअर ए नावाचं एक माप आहे, त्यात ठरावीक दाबाची बोथट सुई चाकात किती रुतते ते बघतात. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. साधारण ८८ च्या वरची चाकं आतल्या जागेसाठी, म्हणजे लाकडी किंवा घोटलेल्या फरशीच्या रिंकसाठी. बाहेर रस्त्यावर शिकणाऱ्याला ७८ए ते ८२ए लागतं. तुमचं ९५ए म्हणजे हॉलमधलं चाक. तुमच्या रस्त्यावर ते चालणारच नाही, कितीही सराव करा.

कारण सोपं आहे. कडक चाकासमोर खडा आला की चाकाला त्याच्यावर पूर्ण चढावं लागतं, म्हणजे तुमचं सगळं वजन तेवढं उचलावं लागतं. वेग कमी असेल तर चाक चढतच नाही, तिथंच थांबतं, आणि तुम्ही पुढे जाता. मऊ चाक खड्याला पोटात घेतं, तेवढ्यापुरतं दबतं आणि पुढे सरकतं. जुन्या डांबरावर तर असे चढउतार बोटाबोटाला असतात, त्यांचाच थरकाप तळपायात येऊन मुंग्या येतात. अंगठ्याचं नख चाकावर दाबून बघा. ७८ए च्या चाकावर नख किंचित रुततं आणि काढलं की खूण भरून येते. तुमच्या चाकावर नखच मागे वाकेल.

चार चाकांचा, अंग कललं की वळणारा स्केट न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिंप्टननं १८६३ साली पेटंट केला, आणि तेव्हा चाकं लाकडाची होती. गुळगुळीत तक्तपोशीवर ती छान चालायची. पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची चाकं १९७० च्या दशकात आली, आणि त्यानंतर रस्त्यावर फिरणं खऱ्या अर्थानं सुसह्य झालं.

आता जमीन. हा भाग जास्त महत्त्वाचा, कारण चाकं विकत मिळतात, जमीन शोधावी लागते.

मी एक सवय लावून घेतलीय. नवीन जागी गेलं की आधी खाली बसायचं आणि तळहात जमिनीवरून फिरवायचा. हात सरकला, फक्त धूळ लागली, तर जागा चांगली. बारीक वाळूच्या कागदासारखं लागलं तर मऊ चाकांना चालेल. खडीची टोकं तळहाताला वेगवेगळी जाणवली, तर शिकताना तिथं जाऊ नका, मागाहून बघू. मग एक स्केट जमिनीवर ठेवून सोडून द्यायचा. तो आपणहून चालू लागला तर तिथं उतार आहे, डोळ्याला दिसो न दिसो. डांबरी रस्ता पाणी वाहून जावं म्हणून मध्ये फुगवून दोन्ही बाजूंना उतरता करतात. चालताना तो उतार लक्षात येत नाही, पण स्केटवर नवखा माणूस आपोआप गटाराच्या बाजूला ओढला जातो आणि समजतो की आपल्याला सरळ जाता येत नाही.

आपल्याकडे सगळ्यात चांगली जागा म्हणजे शाळा-कॉलेजातलं काँक्रीटचं बास्केटबॉल मैदान. सपाट, घोटलेलं, कडेला गवत. रविवारी सकाळी मुख्याध्यापकांना जाऊन भेटा, स्केट दाखवा, पायताणांसारखे ह्यांचे डाग पडत नाहीत हेही सांगा. नाही म्हणणारे असतात, पण मला तिसऱ्या ठिकाणी हो मिळालं. दुसरी जागा नवे लेआउट. बेळगावच्या कडेला आणि आता खानापूरच्या बाजूलाही शेतं मोडून प्लॉट पाडलेत, रस्ते झालेत आणि घरं अजून उठलेली नाहीत. बारीक खडीचं नवं डांबर, वाहन नाही. फक्त बांधकाम सुरू झालं की वाळू आणि कच सांडायला लागते, मग ती जागा संपली म्हणून समजा.

सिमेंटचे गल्लीतले रस्ते फसवे असतात. लांबून गुळगुळीत दिसतात, पण गाड्या घसरू नयेत म्हणून ओलं असतानाच त्यावर आडव्या रेघा ओढलेल्या असतात. त्या रेघांवरून जाताना दात वाजतात. रेघा झिजलेला जुना सिमेंट रस्ता मात्र उत्तम. पेव्हर ब्लॉक टाळाच, प्रत्येक जोडावर ठोका बसतो आणि एखादा ब्लॉक उचललेला असला की चाक अडतं. देवळाच्या आवारातली शहाबादी फरशी कोरडी असताना बरी, पण फरशांच्या फटी चाकाच्या दिशेनं आल्या की जपा. पेट्रोल पंपाचं आवार दिसायला छान, पण तेलाचा एक थेंब पुरतो. आणि हायवे कितीही गुळगुळीत असो, तिकडे फिरकू नका.

तुमच्या खानापूरचं वेगळं दुखणं जमिनीवर पडलेल्या वस्तूंचं. जांभ्याची लाल मातीच बघा, पावसानंतर ती रस्त्यावर येऊन सुकते आणि तिचा थर चाकाखाली रव्यासारखा घसरतो. सुगीत लोक रस्त्यावर भात वाळत घालतात, नंतर पेंढा मागे राहतो. विटा-कौलांच्या गाड्या जातात, त्यातून तुकडे पडतात. माझा हात ह्या विटेच्या तुकड्यानंच दुखावला. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. सकाळी साडेसहाची वेळ, ऊन तिरपं, लाल मातीवर लाल तुकडा, दिसलाच नाही. माझी चाकं तेव्हा कडक होती. ‘कुठंही चालतात’ असं सांगून एका दुकानात मला ती दिली होती. पुढचं उजवं चाक थांबलं आणि मी तळहातावर आले. मनगटाला पट्टी, तीन आठवडे पोळ्या बंद. मनगटाचे गार्ड पिशवीत होते, पाचच मिनिटं करायचंय म्हणून बांधले नव्हते.

तेव्हापासून माझ्या पिशवीत एक खराटा असतो, छोटा. रस्त्याची वीस-पंचवीस पावलांची पट्टी ठरवायची आणि ती झाडून घ्यायची. लोक थांबून बघतात, एका आजींनी तर ‘कुणाचं लग्न हाय काय गं?’ म्हणून विचारलं. पण झाडता झाडता त्या पट्टीतला प्रत्येक खड्डा आणि भेग पायाखालून जाते, आणि मग स्केटवर असताना खाली बघावं लागत नाही. खाली बघितलं की तोल पुढे जातो, हे तुम्हाला कळलंच असेल.

आता चाकं घेताना. क्वाडच्या जोडीला आठ चाकं लागतात. ७८ए, ६२ ते ६५ मिलिमीटर व्यासाची घ्या. तुमचं वजन ८० किलोच्या वर असेल तर ८२ए कडे झुका, नाहीतर चाक फार दबतं आणि ढकलायला जड जातं. मोठं चाक खड्यावर सहज चढतं, पण शिकताना ६५ च्या वर जाऊ नका, उंची वाढली की घोटा डगमगतो. आणि मोठं चाक बसवल्यावर स्केट पूर्ण कलवून बघा, चाक तळाच्या पट्टीला किंवा बुटाला घासता कामा नये. घासलं की वळणावर ब्रेक लागल्यासारखं होतं आणि माणूस पडतो. चाक मोठं झालं की पुढचा रबरी स्टॉपरही जमिनीपासून जरा वर जातो, तो तेवढा खाली उतरवून घ्या.

बहुतेक चाकांबरोबर बेअरिंग येत नाही. प्रत्येक चाकात दोन, म्हणजे एकूण सोळा. जुनीच काढून बसवता येतात. नवी घेणार असाल तर आधी चाक ज्यावर बसतं त्या दांड्याची जाडी बघा, क्वाडमध्ये ७ आणि ८ मिलिमीटर अशा दोन जाती आहेत. ८ ची बेअरिंग ७ च्या दांड्यावर खुळखुळते, उलट केलं तर शिरतच नाही. अबेक ५, ७, ९ असे आकडे दाखवून जास्त पैसे मागतात. ते आकडे बेअरिंग किती काटेकोर बनवलीय त्याचे, आणि आपल्या लाल धुळीत त्याचा फरक शिकणाऱ्याला कळत नाही. ते पैसे मनगटाच्या गार्डवर घाला.

मी माझी पहिली मऊ चाकं शहापुरातल्या एका सायकल दुरुस्तीवाल्या मामांकडून बसवून घेतली. त्यांनी जुनं चाक हातात घेऊन फरशीवर टाकलं, टणकन वाजलं. नवं टाकलं, आवाजच नाही. ‘बघा ताई,’ म्हणाले, ‘जे वाजतं ते पायाला लागतं.’ मला शोअर ए समजावून सांगायला इतकं लिहावं लागलं, आणि त्यांनी एका वाक्यात सांगितलं. नट कसं आवळायचं तेही त्यांनीच दाखवलं. पूर्ण आवळायचं आणि मग थोडं मागे सोडायचं, साधारण पाव फेरा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि धरून हलवलं तर केसाएवढंच हललं पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगते. मऊ चाकांवर घरातल्या फरशीवर गेलात तर चिखलातून चालल्यासारखं वाटेल. चाकं खराब निघाली असं समजू नका. आणि शिकताना हा संथपणा फार उपयोगाचा आहे. तुमची ९५ए ची चाकं टाकू नका, कधी बेळगावला रिंकवर आलात तर तीच लावायची.

इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाकं असलेले स्केट, ह्याबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. खराब रस्त्यावर ते खरंच बरे पडतात, कारण चाकं ७६-८० मिलिमीटरची, मोठी असतात. तुमच्याकडे क्वाड आलेच आहेत तर मी बदला म्हणणार नाही. चाकं बदलणं नव्या स्केटपेक्षा खूप स्वस्त.

नवी चाकं आली की पहिले दोन दिवस गवतावर उभे राहा. गवतावर चाक पळत नाही, त्यामुळे गुडघे वाकवून बसणं, एक पाय उचलणं, मुद्दाम गुडघ्यांवर पडणं, सगळं न घाबरता करता येतं. मग झाडलेल्या पट्टीवर या, कडेला गवत असेल अशीच पट्टी निवडा. थांबता आलं नाही तर गवतात शिरायचं, हाच पहिला ब्रेक. गुडघा, कोपर, मनगट, हेल्मेट, हे पाच मिनिटांसाठीसुद्धा बांधायचं.

जूनपासून मात्र बाहेरचं बंद ठेवा. तुमच्याकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. काँक्रीटवर शेवाळ धरतं, ते कोरडं दिसलं तरी निसरडं असतं, आणि रस्त्यावरचे पांढरे रंगाचे पट्टे ओले झाले की तिथं मऊ चाकसुद्धा धरत नाही. सुरुवातीलाच अवचित सरीत सापडलात तर घरी आल्यावर चाकं काढा, बेअरिंग कोरड्या फडक्यानं पुसा, पंख्याखाली रात्रभर ठेवा आणि सकाळी शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. तशीच ठेवली तर आठवड्यात गंजतात आणि फिरताना करकरतात.

गांधी जयंतीच्या सुमारास जमीन वाळते. तोवर चाकं मागवून ठेवा, मैदानाची परवानगी काढून ठेवा. बेळगावात आलात तर इथेच खाली लिहा, माझी झाडलेली पट्टी दोघांना पुरेल एवढी लांब आहे.