टीममधल्या मुलीची बाजू घ्यायला मध्ये पडावं का?

तुम्ही विचारलंय, टीममधल्या मुलीला मीटिंगमध्ये कुणी बोलू देत नाही, तर मध्ये पडू का? पडा, पण आधी तिला विचारा. आमच्या ऑफिसात एकाने एवढं केलं असतं तर माझं दहेजचं, म्हणजे भरूच जिल्ह्यातल्या दहेज गावच्या साइटचं, काम गेलं नसतं.

मी वडोदऱ्याची, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मर डिझाइन करते. साहेब येता-जाता म्हणायचे, "घरी लहान मूल, साइटवर कसं जमणार?" मी ऐकून घ्यायचे, कारण दहेजसाठी माझं नाव जवळजवळ ठरलं होतं आणि साहेबांशी एकटीने बोलायचं माझ्या मनात होतं. तेवढ्यात एका सहकाऱ्याने भर मीटिंगमध्ये, क्लायंटच्या देखत, त्यांना सुनावलं, "इथे बायकांवर अन्याय होतो." झालं! साहेबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं, जे काय ते मेलवर. "बेनना काही सांगायची भीतीच वाटते," असं माझ्याबद्दल चारचौघांत म्हणायला लागले. दहेजला दुसराच गेला. आणि महिला दिनाला सत्कार कुणाचा? त्या सहकाऱ्याचा.

याउलट ड्रॉइंग तपासणारे आमचे मोटाभाई. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'डिझाइन'पुढे माझ्याऐवजी भलत्याचीच आद्याक्षरं होती. त्यांनी शीट परत पाठवलं, वर पेन्सिलीने एक ओळ: गणित ज्यांनी केलं त्यांचं नाव घाला, मग सही करतो. नाव आलं. पुढच्या रिव्ह्यूत क्लायंटने वाइंडिंगबद्दल, म्हणजे तारेच्या वेढ्यांबद्दल, विचारलं, तर "हे बेनना विचारा" म्हणाले आणि स्वतः गप्प बसले. मला असा माणूस हवा.

हे सगळं तोडून बोलण्याबद्दल आणि श्रेय लाटण्याबद्दल. लैंगिक छळ असेल तर गोष्ट वेगळी. २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि तिच्याकडे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. तिला लिहायला मदत करा, साक्षीला उभे राहा. पण ऑफिसच्या ग्रुपवर तिचं नाव टाकू नका, तक्रारदार बाईची ओळख जाहीर करायला कलम १६ प्रमाणे मनाई आहे.

माझा नवरा अजून म्हणतो, "त्या सहकाऱ्याचा हेतू चांगला होता गं." असेल. पण साहेब माझ्यावर डूख धरून बसले तेव्हा तो केबिनमध्ये जाऊन "बोललो मी, राग माझ्यावर काढा" असं एकदाही म्हणाला नाही. तेवढं म्हणाला असता तर मी नवऱ्याचं ऐकलं असतं.