जुन्या लष्करी गाड्यांच्या छंदात मुलाचं भविष्य आहे का?

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. सुट्टी मिळाली की ओळखीच्या एका काकांच्या शेडमध्ये दुसऱ्या महायुद्धातली जीप दुरुस्त करायला पळतो. पुढेही हेच करायचं म्हणतो. पेट्रोलच्या गाड्या जायच्या मार्गावर असताना या छंदाला भविष्य आहे का? – एक आई

उत्तर : ताई, पेट्रोलची चिंता थोडी बाजूला ठेवा. या गाड्या वर्षातून मोजक्याच वेळा बाहेर निघतात, त्यांना लागणारं इंधन थोडकंच. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा खराब होतो, पण ते बदलता येतात.

खरी चणचण माणसांची आहे. 1941 ते 1945 या काळात विलीज आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, म्हणून त्यांचे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. कमी संख्येने बनलेल्या गाडीचा गिअर तुटला, तर तो घडवूनच घ्यावा लागतो. स्कॅनरने मोजमाप सोपं झालंय. तरीही जुळणी करताना कुठे किती फट ठेवायची, हे वर्षानुवर्षं काम केलेल्या हातालाच कळतं, आणि ते हात आता थकले आहेत. तुमच्या मुलाला असा जाणकार शिकवतोय, ही संधी सोडू नका.

मात्र पोटासाठी निव्वळ यावर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्येही बरंच काम स्वयंसेवक करतात. पगारी जागा थोड्याच. त्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा किंवा डिग्री करावी, सोबत वेल्डिंग आणि लेथचं (धातू कातून आकार देणाऱ्या यंत्राचं) काम नीट शिकावं. हे कसब कुठल्याही वर्कशॉपमध्ये चालतं. इलेक्ट्रॉनिक्सही टाळू नये. अलीकडच्या लष्करी गाड्यांत संगणकीय नियंत्रण आहे. उद्या त्या जुन्या होतील, तेव्हा निकामी झालेला सर्किट बोर्ड लेथवर घडवता येणार नाही.

एक गोष्ट मात्र आजच विचारा : ब्रेकचं काम करताना तो काय काळजी घेतो? त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, म्हणजे श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसांना घातक असलेलं तंतुमय खनिज. ती धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, ओली करूनच पुसायची, आणि साधं फडकं तोंडाला बांधून भागत नाही, योग्य मास्कच हवा. अंधारात चमकणाऱ्या जुन्या मीटरवर रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा रंग असू शकतो. असा मीटर त्याने उघडू नये.