‘क्षमा कर’ आणि ‘माफ कर’

प्रश्न असा आहे: भावंडांचा अबोला मिटवताना वडीलधारी मंडळी ‘क्षमा करणे हा धर्म आहे’ असे सांगतात, तेव्हा ‘क्षमा करणे’ म्हणजे ‘माफ करणे’च का, आणि क्षमा केली की चूक पुसली गेली असे धरायचे का?

बोलण्यात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येत असले तरी त्यांची कुळे निराळी आहेत. ‘माफ’ हा शब्द मूळचा अरबी. तो फारसीमार्गे मराठीत आला आणि येण्या-देण्याच्या व्यवहारात रुळला. दंड माफ होतो, शेतसारा माफ होतो, आणि एकदा माफ झाल्यावर बाकी काही उरत नाही. ‘क्षमा’ ज्या संस्कृत ‘क्षम्’ धातूपासून झाली, त्याचा अर्थ धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘सहन करणे’ असा दिला आहे. ‘सक्षम’, ‘क्षमता’ हे शब्द त्याच धातूचे आहेत, आणि सगळे सोसणाऱ्या पृथ्वीलाही ‘क्षमा’ म्हटलेले आढळते. म्हणून क्षमेने अपराध नाहीसा होत नाही. ज्याला तो लागला, त्याने तो पेललेला असतो.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती हा शब्द कोण उच्चारतो ही गोष्ट. पूजेच्या अखेरीस म्हटल्या जाणाऱ्या ‘अपराधसहस्राणि क्रियन्तेऽहर्निशं मया’ या श्लोकात भक्त आधी स्वतःचे अपराध कबूल करतो आणि मगच ‘क्षमस्व परमेश्वर’ म्हणतो. जैनांच्या ‘खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे’ या प्राकृत वचनात ‘खामेमि’चा अर्थ कोणी ‘मी क्षमा करतो’ असा, तर कोणी ‘मी क्षमा मागतो’ असा लावतात. पण वचनाच्या उत्तरार्धात बोलणारा स्वतःसाठी क्षमा मागतो, याविषयी दुमत नाही. घरातल्या भांडणात मात्र हाच शब्द पुष्कळदा दुखावलेल्या माणसाकडे आज्ञार्थात जातो, आणि ज्याने दुखावले त्याला एक वाक्यही बोलावे लागत नाही. हा त्या धर्मभाषेचा अपुरा वापर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

किरकोळ चुकीला ‘माफ कर’ पुरेसे आहे. मन खोलवर दुखावले असेल, तर ‘मी तुला चारचौघांत खोटे ठरवले, ते तुला सोसावे लागले, मी तुझी क्षमा मागतो’ असे चुकीचे नाव घेऊन बोलावे. आणि मध्यस्थाने ‘तू क्षमा कर’ म्हणण्याआधी दुसऱ्याला ‘तू क्षमा माग’ असे सांगावे.