कचेरी पाडणार आहेत, निरोप कसा घ्यायचा? एका एसटीवाल्याचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातली तुमची जुनी कौलारू कचेरी, जिथे तुम्ही लिपिक म्हणून लागलात आणि सगळी नोकरी काढलीत, ती दिवाळीनंतर पाडणार आहेत. त्या जागी नवीन प्रशासकीय इमारत उभी राहणार. घरचे म्हणतात, गळकं छप्पर गेलं तर त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? आणि तुम्ही विचारताय की निरोप घ्यायचा म्हणजे नेमकं करायचं काय.

मी एसटीत होतो. आधी वाहक, मग वाहतूक नियंत्रक, आणि नोकरीचा मोठा भाग पुण्याच्या शिवाजीनगर स्थानकात गेला. मेट्रोचं भुयारी स्टेशन त्याच जागी यायचं होतं, म्हणून २०१९ संपता संपता आमचं स्थानक वाकडेवाडीला हलवलं आणि जुनं पाडलं. तेव्हा या बाबतीत थोडं बोलायला हरकत नाही.

सगळ्यात आधी, कचेरी चालू आहे तोवरच निरोप घ्या. कामाच्या दिवशी, सकाळी साडेदहा-अकराला, खिडकीपुढे रांग असताना जा. टेबलं हलवल्यावर, पंखे उतरवल्यावर जे उरतं त्याला तुम्ही ओळखणारही नाही. मी आमचं रिकामं स्थानक पाहिलंय. इतकी वर्षं जिथे गाडी लावायला जागा नव्हती तो आवार केवढा मोठा होता हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि ते दिसून काही बरं वाटलं नाही.

आमच्याकडे तर समारंभाला सवडच नव्हती. सरकारी कचेरी दोन दिवस बंद ठेवून हलवता येते, एसटी नाही. रातराणी इथून सुटते तोवर पहाटेची पहिली गाडी तिकडून सोडायची तयारी करायची, असा तो प्रकार. काही जण जुन्या जागेवर, काही नव्या. कुणीतरी नारळ फोडला, पेढ्याचा पुडा फिरला, तेवढ्यात फोन वाजला की नाशिकची गाडी चुकून जुन्याच स्थानकात शिरतेय, वळवा. झाला निरोप.

तरीही आम्ही नशीबवान. माझे मामा मुंबईत लालबागला एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कितीतरी जणांना गिरणीच्या दारातून पुन्हा कामावर जाताच आलं नाही. मामा आदल्या पाळीला डबा धुऊन, कपडे खुंटीला अडकवून आले ते आलेच. आज ना उद्या संप मिटेल या हिशेबानं आलेल्या माणसानं निरोप घ्यायचा कसा? पुढे ती गिरणी पाडली, तिथे टॉवर आला. मामा शेवटपर्यंत त्या खुंटीवरच्या शर्टाबद्दल बोलायचे, पगाराबद्दल कमी. तुम्हाला तारीख आधी कळली आहे. ती वाया घालवू नका.

आता घरच्यांच्या गळक्या छपराबद्दल. त्यांचं खरं आहे आणि ते तुम्ही मान्यही करा. आमचं शिवाजीनगर काय ताजमहाल होतं? पावसाळ्यात फलाटापुढे तळं. कोपरे पानानं रंगलेले. स्वच्छतागृहाबद्दल तर बोलायलाच नको, प्रवासी बोलून गेलेत तेवढं पुरे. वारसा इमारतींच्या यादीत ते कोणी घातलं नसतं आणि मीही घाला म्हटलं नसतं. इमारत सुंदर असली तरच तिच्यासाठी हळहळायचं, हा नियम वास्तुकलेच्या प्राध्यापकांचा. तिथे ज्यांनी उभं राहून ड्युटी केली त्यांचा नाही.

मला काय आठवतं सांगू? नियंत्रण कक्षाच्या खिडकीचा कट्टा. त्या कट्ट्यावर डबे ठेवलेले असायचे.

शिवाजीनगरहून गाड्या मुख्यतः नगर, नाशिक, औरंगाबाद, जळगाव या बाजूंच्या. पुण्याचं दुसरं स्थानक स्वारगेट, त्याचा कारभार वेगळा, तिकडे सातारा, कोल्हापूर, कोकण. आमच्या बाजूच्या गावांतून पुण्यात शिकायला आलेली, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं भरपूर. घरची आई पहाटे भाकऱ्या थापायची, कापडात बांधून डबा सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, आणि पोरगं वेळेवर येऊन फलाटावर उभं राहायचं. डब्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: नाव, गाव, कधी कधी फक्त 'बाळूचा डबा'. कागदोपत्री हे कुठेच बसत नव्हतं. पार्सलची रीतसर व्यवस्था होती, तिला पावती होती, दर होता. डब्याला पावती कोण फाडणार? गाडी लवकर आली किंवा पोराची तासिका लांबली, की ड्रायव्हर डबा आमच्या कट्ट्यावर ठेवून पुढे जायचा. आम्ही राखण करायचो. नारायणगावच्या बाजूचे डबे, मंचरचे डबे, कुठल्याशा डब्यातून ठेच्याचा वास असा सुटायचा की लॉगशीटवर, म्हणजे गाडीच्या वेळा टाकायच्या कागदावर, सही करताना लक्ष लागायचं नाही. दुपारपर्यंत न्यायला कोणी आलं नाही तर मी माईकवरून पुकारायचो, "बाळू जिथे असेल तिथून त्यानं नियंत्रण कक्षात यावं." एकदा दोन बाळू आले. दोघांनी तिथेच बसून वाटून खाल्लं.

स्थानक हलल्यावर काही दिवस पोरं सवयीनं जुन्या जागी यायची आणि डबा वाकडेवाडीला पोचलेला असायचा. मोबाईल होते म्हणून निभावलं. पण नव्या जागी तसा कट्टा नव्हता. तिथे नकाशा काढणाऱ्याला कट्टा लागतो हे कोण सांगणार? त्याच्याकडे फलाट किती, खिडक्या किती, गाड्या किती याची यादी गेली असणार. त्या यादीत डबे नव्हते.

म्हणून मी तुम्हाला फोटोंपेक्षा एक वेगळं काम सांगतो. फोटो काढाच, सगळे काढतात, कमानीपुढे उभं राहून गटाचा फोटोही होईल. पण एक मोठा कागद घ्या, कचेरीचा आराखडा हातानं काढा, आणि त्यात काम कसं फिरायचं ते लिहा. अर्ज कुठल्या खिडकीत यायचा, आवक-जावकचं टेबल कुठे होतं, कुठल्या टेबलापाशी अडायचा, साहेब आत आहेत की नाही हे बाहेरून कशावरून कळायचं, म्हातारी माणसं कुठल्या पायरीवर टेकायची, कुठल्या खांबाला सायकली लावायचे. मी आमचं तसं लिहून ठेवलंय. वाहकानं आगारातून ट्रे, तिकिटं आणि मार्गपत्रक घेऊन यायचं, चालकानं लॉगशीट खिडकीतून आत सरकवायचं, मी वेळ टाकून सही करून परत द्यायचं, ते द्यायच्या आत रस्त्याची खबर विचारायची: आळेफाट्याला कोंडी आहे का, नगर रस्ता मोकळा आहे का. ती खबर पुढच्या गाडीच्या चालकाला. मशीनची तिकिटं आली, तिकिटाला भोक पाडायचा पंचिंगचा चिमटा गेला, तरी ही खिडकीतली देवाणघेवाण चालूच होती. आमच्यातल्या तरुण वाहकांनी तो कागद वाचला तेव्हा त्यांना चिमट्याचंच जास्त कौतुक वाटलं, ते असो.

हा कागद तुमच्यासोबत काम केलेल्या दोघा-तिघांना बोलावून काढा. भांडणं होतील. "टंकलेखनाची खोली उत्तरेला होती," "नाही हो, ती नंतर हलवली." होऊ द्या. आमच्याकडे चौकशी खिडकी आधी कुठल्या बाजूला होती यावरून दोन निवृत्त नियंत्रक आठवडाभर फोनवर बोलत नव्हते.

आता जरा कामाचं. माझी बायको महसूल खात्यात अव्वल कारकून होती, त्यामुळे कचेऱ्यांचं थोडं कळतं. स्थलांतरात सगळ्यात जास्त हाल होतात ते अभिलेखांचे. 'अ' वर्गाची कागदपत्रं कायमची जपायची, 'ब' वर्गाची तीस वर्षं, 'क' ची दहा, 'ड' ची एक वर्ष, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, भरताना हमालाला अ आणि ड सारखेच दिसतात. तुम्ही अजून सेवेत असाल तर शेवटच्या महिन्यात अभिलेख कक्षात बसून रुमालांवर ठळक खुणा करून घ्या, यादी दोन प्रतींत करा, भरताना एकदा आणि उतरवताना एकदा टिकमार्क करा. निवृत्त असाल तर सध्याच्या लिपिकाला जाऊन सांगा की कुठल्या कपाटामागे काय आहे. बायको म्हणते, कचेरीवर प्रेम असेल तर ते इथे दाखवावं, कमानीवर हार घालून नाही. मला हार घालायलाही हरकत वाटत नाही, पण तिचा मुद्दा बरोबर आहे.

आठवण म्हणून काही घरी न्यायचा मोह होईल. घड्याळ, टोल देण्याची घंटा, पितळी कुलूप. असं काही उचलू नका. त्या वस्तू जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे कचेरीच्या सामानाच्या वहीत आहेत, निर्लेखन होऊन त्या वहीतून कमी झाल्याशिवाय त्या कोणाच्याच नाहीत. निर्लेखन होऊन लिलाव निघाला तर बोली लावा आणि पावती घेऊन न्या. किंवा साहेबांना सुचवा की घंटा नव्या इमारतीत लावा. हे ऐकतात बरं का, पाट्या लावायच्या असतातच. आणि इमारतीचा मूळ नकाशा हवा असेल, तर साध्या विनंतीला उत्तर नाही आलं तरी माहिती अधिकार आहे. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं की झालं.

पाडताना बघायला जावं का? हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. सांगतो कसं असतं. आधी वीज आणि पाणी तोडतात. मग दारं, खिडक्या, जाळ्या, पत्रे, ज्याला भाव येतो ते सगळं सुटं करून नेतात. तुमच्याकडे सागवानी वासे असतील, ते पहिले जातील. मग पोकलेन येतो. आमचं काँक्रीटचं होतं, त्यामुळे ब्रेकरची धडधड, मग स्लॅब खाली, मग गॅसकटरनं सळ्या वेगळ्या करायच्या, आणि राडारोडा डंपरमध्ये. कौलारू भिंतींना एवढाही वेळ लागत नाही. मी गेलो होतो, रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. बरोबर एक जुना ड्रायव्हर होता, तो पूर्ण वेळ पोकलेनवाला हात कसा चालवतोय यावर बोलत होता. "झटके देतो बघा किती." दोन ड्रायव्हर एकमेकांना असेच बघणार. त्यामुळे मला सोपं गेलं. जायचं तर कोणाला तरी बरोबर घेऊन जा, आणि पत्र्याच्या कुंपणाच्या आत जाऊ नका, कंत्राटदाराची माणसं हाकलतात आणि बरोबरच करतात. नाही गेलात तरी चालेल. मी गेलो नसतो तरी काही बिघडलं नसतं.

१ ऑगस्ट २०२३ ला मेट्रो शिवाजीनगरला आली. तेव्हाही एसटी वाकडेवाडीलाच होती. मी मेट्रोनं जातो, सोयीची आहे, गार आहे. नातू विचारतो, आजोबा तुमची खिडकी कुठे होती, तर मी जिन्याकडे अंदाजानं बोट दाखवतो. नक्की तिथेच होती असं नाही. त्याला काय फरक पडतो?

एक गोष्ट मात्र विसरू नका. कचेरीच्या दारातला चहावाला, झेरॉक्सवाला, अर्ज लिहून देणारा. तुम्हाला नव्या इमारतीत टेबल मिळेल, निवृत्त असाल तर पेन्शन आहे. त्यांना नवीन फाटकापाशी जागा मिळेलच असं नाही. आमच्या स्थानकाबाहेर पेपर, केळी, चिक्की विकणारे होते, त्यातले काही वाकडेवाडीला आले, काही कुठे गेले ते मला शोधूनही सापडले नाहीत, कारण इतकी वर्षं चहा पिऊन त्यांचा नंबर कधी घेतलाच नव्हता कुणी. तेव्हा या आठवड्यात जा, चहावाल्याकडची सगळ्या विभागाची उधारी चुकती करा, त्याचा नंबर घ्या, आणि नवी इमारत होईपर्यंत कचेरी तात्पुरती कुठल्या जागेत बसणार आहे ते त्याला आधी कळवा, म्हणजे दुसऱ्या कोणी तिथे गाडा लावायच्या आत त्याला लावता येईल.