वसतिगृहासाठी उन्हाची ऊब

प्रश्न : दादा, तोरणमाळजवळ आमचं चाळीस मुलींचं वसतिगृह आहे. डिसेंबर-जानेवारीत मुली एका पांघरुणात दोघी-दोघी झोपतात. उन्हावर चालणारं ॲब्सॉर्प्शन यंत्र उष्णता दीडपट करून देतं, असं एक विक्रेता सांगून गेला. घ्यावं का? — अधीक्षिका, अक्राणी तालुका

उत्तर : ताई, दीडपटीचं त्याने खरंच सांगितलं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच. यंत्रात लिथियम ब्रोमाइड नावाचा क्षार असतो. तो पाण्याची वाफ अधाशासारखी ओढतो आणि ओढताना तापतो. आतली हवा काढलेली, दाब बाहेरच्या जेमतेम शंभरावा हिस्सा. तिथे पाणी 7 अंशांनाच उकळतं. म्हणून विहिरीच्या पाण्यातली ऊबही उपसता येते. उन्हाची एक, विहिरीची साधारण अर्धी-पाऊण.

पण ओला झालेला क्षार पुन्हा घट्ट करायला 80-90 अंशांचं पाणी लागतं. सोलरचं पाणी जितकं कडक तापवाल, तितकी उष्णता वाऱ्यावर जास्त जाते. खोलीला 45 अंश पुरतात, आणि तेवढंच तापवायचं असेल तर तेच पॅनेल तेवढ्याच उन्हात जास्त उष्णता देतात. वाढीव कमाईतला बराच भाग इथेच जातो.

शिवाय सांभाळणार कोण? मी जळगावात बावीस वर्षं ही यंत्रं सांभाळली. एका रात्री वीज गेली आणि द्रावण पाइपात खडीसाखरेसारखं गोठलं. गरम पाण्यात बुचकळलेली गोणपाटं पाइपावर गुंडाळत आम्ही दोघं उजाडेपर्यंत बसलो, तेव्हा कुठे ते सुटलं. तुमच्या घाटात रात्री कोण येणार?

रावेर-यावलकडच्या केळीच्या गोदामाला 13-14 अंशांचा गारवा लागतो, तोही ऊन रणरणतं तेव्हाच जास्त. ऊब उपसून घेतलेलं पाणी गार होतं, म्हणून तिथे हे यंत्र जरूर बसवावं. तुमची थंडी दीड-दोन महिन्यांची.

तुम्ही साधे सोलर हीटर घ्या, टाकीला जाड वेष्टन करा आणि ते पाणी झोपायच्या खोलीत भिंतीलगत, जमिनीजवळून पाइपाने फिरवा. त्याही आधी पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट बुजवा, पत्र्याखाली छत घाला. नाहीतर कमावलेली ऊब रातोरात वर निघून जाईल. हवेसाठी एक झरोका उघडा असू द्या. आणि ताई, बंद खोलीत कोळशाची शेगडी एक रात्रही ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसला तरी तो झोपेतच जीव घेतो.